राहीची पहिली घागर

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गोदावरीच्या अलीकडे, काळी जमीन संपून खडक लागतो तिथं, करंजखडा नावाचं गाव होतं. गाव आजही आहे. पण तेव्हा ते नदीच्या जास्त जवळ होतं, असं म्हणतात. नदी सरकली की गाव सरकलं, ते कुणाला सांगता येत नाही.

गावाच्या ओढ्यापलीकडं, माळाच्या कडेला, पायऱ्यांची एक मोठी बारव होती, पण तिच्यावर सगळ्यांना पाणी भरता येत नसे. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, पाच घरं होती ख्रिस्ती माणसांची. त्यांच्या बापजाद्यांना कधी त्या बारवेवर पाय ठेवता आला नव्हता, आणि येशूचं नाव घेतल्यावर यांनाही तो ठेवता आला नाही. ही माणसं नदीच्या वाळूत हातभर खड्डा उकरत. त्यात पाणी पाझरे. त्याला झिरा म्हणतात. झिऱ्याचं पाणी गोड, पण हळू. वाटीवाटीनं उपसावं लागतं. एक घागर भरायला बाई पहाटफुटीला वाळूवर बसली, की ऊन अंगावर आल्यावरच उठते.

त्या पाच घरांतलं शेवटचं घर राहीचं. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचं नाव राहेल ठेवलं होतं. गावाच्या तोंडात ते कधी बसलं नाही. ती राहीच राहिली. चाळिशीची विधवा, अंगानं उंच, बोलायला कमी. तिला एकच लेक, मार्था. ती लग्न होऊन दोन मुक्कामांवरच्या गावी नांदत होती.

दर तीन महिन्यांनी बैलगाडीतून थोमामास्तर यायचे. ते उपदेशक होते. पाच घरांतली माणसं अंगणात घोंगडी टाकून बसत आणि मास्तर शास्त्र वाचून सांगत. एकदा त्यांनी सांगितलं, की आधी देवाचं, मग आपलं. हा क्रम उलटला की संसार उलटतो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि उठून आपापल्या भाकरी बघायला गेले. राही मात्र जागची हलली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "आधी देवाचं म्हणजे काय करायचं? माझ्या घरात देवाला द्यावं असं काही न्हाई."

मास्तर बैल जुंपत होते. ते म्हणाले, "सकाळी उठल्यावर तुझ्या घरात आधी काय येतं, राहेलबाई?"

राहीनं विचार केला. "पाणी," ती म्हणाली. "पहिली घागर."

"मग ती त्याची," मास्तर म्हणाले, आणि गाडी हाकून गेले. पुढच्या गावी पोचेपर्यंत ते हे बोलणं विसरूनही गेले असतील. राही विसरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पहिली घागर घरात आणली नाही. गावात शिरायच्या वाटेवर कडुलिंबाचं एक झाड होतं. त्याच्या बुंध्याशी तिनं तीन दगड मांडले, त्यावर घागर ठेवली, वर वाटी पालथी घातली आणि मग दुसरी घागर भरायला परत वाळूत जाऊन बसली. तिच्या घरची चूल गावात सगळ्यांत उशिरा पेटू लागली.

ते पाणी पीत कोण होतं? गावातलं कुणी पीत नव्हतं. तिच्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं. एखादा धनगर प्यायचा, एखादा फकीर प्यायचा, कधी शेळ्या वाटी पाडून तोंड घालायच्या. पुष्कळ दिवस कुणीच प्यायचं नाही. मग संध्याकाळी राही ते झाडाच्या मुळाशी ओतायची. तिची जाऊ तान्हूबाई शेजारीच राहायची. ती म्हणायची, "राहे, तुझा देव झाडात हाय व्हय?" राही नुसती हसायची. एका उन्हाळ्यात झिरा इतका आटला, की सकाळी एकच घागर मिळायची आणि दुसरीला दुपार व्हायची. तरी पहिली लिंबाखाली गेली. राही दुपारपर्यंत कोरड्या तोंडानं वाळूत बसून राहिली. अकरा वर्षं हे चाललं, असं म्हणतात. कुणी नऊ म्हणतात.

मग गाठीचा ताप आला.

आधी उंदीर पडले. आढ्यावरून टप टप पडायचे आणि तिथंच गोल फिरून मरायचे. मग माणसांच्या काखेत, जांघेत गाठी उठू लागल्या. चार दिवसांत तीन माणसं गेली, तेव्हा सुभानराव पाटलांनी दवंडी दिली, की गाव सोडायचं. ओढ्याच्या पलीकडे माळ होता. तिथं कडब्याच्या आणि पाचटाच्या झोपड्या घातल्या. ओढ्याच्या काठावर शिवेचा जुना दगड होता, पुरुषभर उंच. पाटलांनी सांगितलं, "ज्याला ताप आहे तो गावात राहील. जो गावात जाईल त्यानं दगड ओलांडून परत यायचं नाही. आणि त्याला जो शिवेल, त्यालाही दगडापलीकडं जावं लागेल." यात पाटील दुष्ट होते असं नाही. त्यांची स्वतःची भावजय कुसाबाई तापानं फणफणत होती. थोरल्या भावाची विधवा ती. तिलाही त्यांनी मागंच ठेवलं, आणि तिच्या दाराला बाहेरून कडी घालताना ते रडले, असं म्हणतात.

सात घरांत सात माणसं मागं राहिली. बाकी गाव माळावर गेलं. पाच ख्रिस्ती घरंही गेली. त्यांच्या झोपड्या एका टोकाला, ओढ्याजवळ. राहीच्या झोपडीत मार्था होती. पहिल्या बाळंतपणाला ती आईकडं आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर, रिकाम्या गावातून हाका येऊ लागल्या.

माळावरून गाव स्वच्छ दिसत होतं. बंद दारं, ओस गल्ल्या, छपरावर कावळे. माणूस कुठं दिसत नव्हतं. आणि त्या ओस गावातून कुणीतरी एकच शब्द ओरडत होतं. पाणी. एका घरातून यायचा, मग थांबायचा, मग दुसऱ्या घरातून यायचा. कधी दोन्हीकडून मिळून. आवाज ओळखू येत होते, आणि तेच वाईट होतं. माळावरच्या बायका कान झाकून बसल्या. पुरुष एकमेकांकडं बघेनात. मग कुणीतरी म्हणालं, "हलगी वाजवा. रोगराई पळून जाती." हलगी कडाडली, तिला झांजा मिळाल्या, आणि हाका बुडाल्या. दिवस मावळेपर्यंत हलगी थांबली नाही. रोगराईसाठी ती वाजत नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. 

राही झोपडीच्या दाराशी बसून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी हलगीवाले दमून थांबले, आणि त्या मधल्या वेळात पुन्हा हाक आली. ती क्षीण झाली होती. राही उठली आणि तिनं सकाळी भरून ठेवलेली पहिली घागर घेतली.

मार्थाला कळलं. तिनं आईचा पदर धरला.

"आये, तू जाऊ नको. पाटलानं काय सांगितलं ते ऐकलंस ना? तू परत यायची न्हाईस. मग माझ्याजवळ कोण?"

"तान्हूकाकी हाय."

"तान्हूकाकी माझी आये हाय व्हय?"

राही लेकीजवळ खाली बसली. तिनं तिच्या पोटावर हात ठेवला. आत बाळ हललं.

"मार्था," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी पहिली घागर लिंबाखाली ठेवली. तिथं कुणी मागायला येत नव्हतं, तवा मला सोपं गेलं. आज मागणारा हाय. आज नेली न्हाई, तर मी इतकी वर्षं काय केलं?"

मार्था तोंड फिरवून रडू लागली. राही उठली. दर दुपारी दगडापर्यंत येईन आणि तान्हूबाईनं पलीकडून हाळी देऊन खुशाली सांगावी, एवढं ठरवून ती ओढा उतरून गेली. शिवेचा दगड ओलांडताना तिनं मागं पाहिलं नाही. तिला भीती होती, की पाहिलं तर पाय उचलणार नाहीत.

राहीला गावात सगळ्यांत आधी जाणवला तो वास, आणि मग शांतता. आयुष्यभर ती या गल्ल्यांच्या कडेकडेनं चालली होती. आता ती मधून चालत होती आणि बाजूला हो म्हणणारं कुणी नव्हतं. एका ओट्यावर जातं होतं, त्यात अर्धवट दळलेली ज्वारी. एका दोरीवर लुगडं वाळत होतं, तीन दिवसांपासून.

पहिलं घर कुसाबाईचं. राहीनं कडी काढली. कुसाबाई जमिनीवर पडली होती, ओठ फुटलेले, डोळे लाल. तिनं राहीला ओळखलं. राहीनं तांब्यात पाणी ओतून पुढं केलं, तर तिनं मान भिंतीकडं वळवली.

"तुझ्या हातचं नको," ती म्हणाली. आवाज कसला, नुसती हवा.

राहीनं तांब्या तसाच धरला. मग म्हणाली, "पाटलीणबाई, ही घागर माझी न्हाई. सकाळची पहिली घागर माझी नसती. ती मी कवाच देऊन टाकली हाय."

शेवटी कुसाबाईनं मान वळवून तोंड उघडलं. राहीनं वरून धार धरली.

त्या दिवशी राहीनं सातही घरं उघडली. पाच घरांचे झिरे दोन दिवस कुणी उपसले नव्हते, ते भरले होते; तिथून तिनं सात खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी तिनं कण्या शिजवल्या, घाण काढली, अंगं पुसली. दोन माणसं तिच्या हातात गेली. त्यांच्या त्यांच्या रीतीप्रमाणं जे एकट्या बाईला करता येईल ते तिनं केलं. दुपारी ती दगडापाशी जायची. पलीकडून तान्हूबाई ओरडून सांगायची, "बरी हाय गं. अजून न्हाई." एवढं ऐकून राही परत फिरायची.

गाव सोडल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी ती पहिली घागर घेऊन म्हाताऱ्या गुरवाच्या घरात शिरली. गुरव शांत पडला होता. उशाशी तांब्या भरलेला होता.

"गुरवबाबा, पाणी आणलंय."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "आत्ताच तर पाजलंस," तो म्हणाला. "किती वेळ बसली होतीस. कपाळावर हात ठेवला होतास. लई गार हात."

राहीनं तांब्यात पाहिलं. पाणी काठोकाठ होतं, आणि हलत होतं, जणू कुणी नुकतंच ठेवलंय. तिनं जमिनीकडं पाहिलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उमटली होती. ती गुरवाच्या उशापासून दाराकडं गेली होती. दारातून आत आलेलं पाऊल मात्र एकही नव्हतं.

ती बाहेर आली. धुळीतून पावलं पुढच्या घराकडं गेली होती. ती त्यांच्या मागं गेली. तिथंही तांब्या भरलेला. त्याच्या पुढच्या घरीही. पावलं बाईची म्हणावीत तर मोठी, आणि पुरुषाची म्हणावीत तर नाजूक. नदीकडून ती आलेली नव्हती. नदीकडच्या वाटेवर फक्त राहीची पावलं होती.

लहानपणी राहीनं ऐकलं होतं, की साथ येते तेव्हा एक बाई डोक्यावर घागर घेऊन घरोघर फिरते, आणि ती ज्याला पाजते तो उठत नाही. ती मधल्या चौकात भर उन्हात उभी राहिली आणि तिला पाठ असलेली एकुलती एक प्रार्थना म्हणू लागली. अर्ध्यावर शब्द आठवेनात. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. मग तिनं ती सोडून दिली. डोक्यावर भरलेली घागर तशीच होती. आता हे पाणी कुणाला, हा प्रश्न होता. शेवटी ती गुरवाच्या घरी परत गेली आणि त्या पाण्यात तिनं त्याचं घाणीचं धोतर धुतलं.

त्यानंतर रोज असंच होऊ लागलं. ती लवकर निघाली तर ते आणखी लवकर येऊन गेलेलं असे. कधी दार नुकतंच टेकल्यासारखं हलत असे. ज्याला त्यानं पाजलं त्यातलं कुणी मेलं नाही, असं म्हणतात. पण हे नंतर हिशेब लावून म्हणतात. तेव्हा राहीला ते काय आहे हे माहीत नव्हतं. ती भीत होती, आणि भीत भीत एकेका घरात शिरत होती.

दहाव्या दिवशी कुसाबाईची गाठ इतकी सुजली, की तिचा हात खांद्यापासून उचलेना. ती बरळू लागली. राहीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुपार झाली. दगडापाशी जायची वेळ झाली. राही उठायला गेली, तर कुसाबाईनं तिचं मनगट धरलं.

"सोडू नको," ती म्हणाली. "राहे, सोडू नको. कुणी न्हाई इथं."

लांबून हलगी ऐकू येत होती. हलगीच्या पलीकडून, अगदी बारीक, तान्हूबाईची हाळी आल्यासारखी वाटली. काय म्हणते ते कळेना. पण आईला ते कळायला शब्द लागत नाहीत. मार्थाची वेळ आली होती.

राही धावत गेली असती तर ओढ्यापर्यंत किती वेळ? दगड ओलांडला असता तर पाटलानं काय केलं असतं, मारलंच असतं ना? तिला मार्था लहानपणी वाळूत मांडी घालून बसायची ते आठवलं. कुसाबाईची बोटं मनगटात रुतत होती. ही बाई आयुष्यात तिच्याशी धड चार शब्द बोलली नव्हती.

ती वर आढ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "हे बघ. पहिली घागर मी भरती हाय. दुसरी तुझ्याकडं. तू भर, न्हाई तर फोड. मला आता दोन्हीकडं होता येत न्हाई."

ती प्रार्थना नव्हती. रागानं बोललेलं बोलणं होतं. एवढं बोलून ती कुसाबाईचं डोकं धरून बसली ती उठलीच नाही. ऊन कलतं झालं तेव्हा गाठ फुटली. राहीनं ती पिळून धुतली, चिंधी बांधली. कुसाबाईला घाम सुटला. ती झोपली.

राही उठून दाराशी आली, आणि तिथंच थबकली. कुसाबाईच्या उंबऱ्यावर ओली पावलं होती. या वेळी ती पुढच्या घराकडं गेली नव्हती. गल्लीतून खाली, लिंबाखालून, ओढ्याकडं गेली होती. फुफाटा तापून लाल झाला होता. पाण्याचा थेंब पडला तर चर्र व्हावं असं ऊन. आणि पावलं वाळत नव्हती.

राही पळत सुटली. ही साथच असली तर, एवढंच तिच्या डोक्यात होतं. साथच असली आणि माझ्या मागं राहून तिनं माझी पोर हुडकली असली तर. ती दगडापाशी पोचली. पावलं दगडाला वळसा घालून ओढा उतरली होती, पलीकडं चढली होती, आणि सरळ ख्रिस्ती झोपड्यांतल्या तिच्या झोपडीत शिरली होती.

पलीकडं गर्दी होती. सुभानराव पाटील मधोमध उभे होते. तान्हूबाईनं राहीला पाहिलं.

"आता कशाला आलीस?" ती ओरडली. "सगळं करून गेलीस, आता तमाशा बघायला आलीस?"

"काय झालं? मार्था कशी हाय?"

"कशी हाय म्हणून मला इचारती? तूच सोडवलीस की तिला. पोर आडवं आलं होतं, माझ्यानं काही होईना. तू आलीस, पोटावर हात फिरवलास, पोर सरळ केलंस. नाळ कापलीस, न्हाऊ घातलंस. पोरगी झाली. एक शब्द बोलली न्हाईस कुणाशी. आणि गेलीस कवा ते बी कळलं न्हाई."

राहीनं दगडाला हात टेकला. "मी आले न्हाई," ती म्हणाली.

गर्दीतून कुणीतरी हसलं. पाटील हसले नाहीत.

"वीस माणसांनी तुला पाहिलंय, राही. तू रोग घेऊन आत आलीस. आता तुझी लेक आणि ते पोर दगडापलीकडं जाईल. दिवस मावळायच्या आत."

"पाटील, पोरगी ओली बाळंतीण हाय. गावात नेली तर मरंल ती."

"आणि इथं राहिली तर गाव मरंल. मी माझ्या घरचं माणूस मागं ठेवलं. तुझ्यासाठी नियम मोडू?"

"मी आले न्हाई," राही पुन्हा म्हणाली. तिच्याकडं सांगायला दुसरं काही नव्हतं.

दोन बायका झोपडीत मार्थाला उठवायला निघाल्या. तेवढ्यात राहीच्या मागून, गावाच्या बाजूनं, कुणीतरी खोकलं. सगळ्यांनी पाहिलं. भिंत धरत, कुंपण धरत, कुसाबाई येत होती. झोपेतून जागी झाल्यावर जवळ कुणी नाही म्हणून ती राहीला हुडकत निघाली होती. केस मोकळे, दंडाला चिंधी. माळावरच्यांनी तिला मेलेली धरलं होतं. पहिल्या रांगेतली माणसं मागं सरली.

ती दगडापाशी आली आणि राहीच्या शेजारी बसली. बसता बसता तिनं राहीच्या खांद्याचा आधार घेतला. हे सगळ्या गावानं पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "कशाचा निवाडा चाललाय?"

पाटलांनी सांगितलं. कुसाबाईनं दम खाल्ला.

"ही सकाळपासून माझ्याजवळ होती," ती म्हणाली. "माझं डोकं हिच्या मांडीवर होतं. मी हिचं मनगट सोडलं न्हाई. बघा."

राहीच्या मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते.

"वहिनी," पाटील हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? सगळा गाव ऐकतोय."

"कळतंय. आठ दिवस मी हिच्या हातचं पाणी प्याले. हिच्या हातच्या कण्या खाल्ल्या. तुम्ही हलगी वाजवत होता, भाऊजी."

पाटील होते तिथंच, मातीत, खाली बसले. कुणीतरी विचारलं, "मग हितं कोण आलं होतं?" वाऱ्यानं कडबा सळसळत होता. हलगीवाल्यानं गळ्यातली हलगी काढली आणि पालथी करून जमिनीवर ठेवली.

मार्थाला कुणी हलवलं नाही. त्या झोपडीत कुणाला ताप आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राही पाण्याला निघाली तेव्हा दगडापाशी चार घागरी भरून ठेवलेल्या होत्या, बारवेच्या पाण्याच्या. पुढच्या दिवशी नऊ होत्या. शेवटी पाच माणसं जगली, त्यात गुरव होता. गावातली ती ओली पावलं मात्र त्या दुपारनंतर कुणाला दिसली नाहीत.

साथ सरल्यावर, अंगावरचे कपडे जाळून, बारा दिवस वेगळं राहून, राही लेकीकडं गेली. मार्थानं बाळ उचललं आणि द्यायला हात पुढं केले. मग ते तसंच धरून ती आधी आईच्या पायांकडं बघत राहिली. पाय कोरडे होते. तेव्हा तिनं बाळ दिलं.

"ती कशी होती?" राहीनं विचारलं.

"तुझ्यावाणी," मार्था म्हणाली. "हुबेहूब तू. पण हात झिऱ्याच्या पाण्यावाणी. मी म्हणलं, आये, तू बरी हायस ना? तर तिनं मान हलवली, आणि तिच्या केसांतनं पाणी ठिबकलं माझ्या तोंडावर." मग ती म्हणाली, "मला भ्या न्हाई वाटलं. तवा न्हाई. आता वाटतं."

थोमामास्तर आले तेव्हा गावानं त्यांना सगळं सांगितलं. मास्तरांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्या दिवशी त्यांनी उपदेश केला नाही, असं म्हणतात.

राही त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. कुणी म्हणतात ती लेकीच्या गावी वारली, कुणी म्हणतात इथंच, पण करंजखड्यात तिची कबर नाही. बारवेचं दार खालच्या पाच घरांना उघडायला आणखी एक पिढी जावी लागली, हेही खरं आहे. कुसाबाई मात्र मरेपर्यंत लिंबाखालच्या घागरीचंच पाणी प्याली. माणूस पाठवून मागवलं नाही. स्वतः जाऊन प्याली.

आता गावात नळ आहेत. तरी पुष्कळ घरांत नळ आला की पहिला हंडा बाहेर ओट्यावर ठेवतात. कुणी रोज, कुणी फक्त रविवारी, कुणी सासू बघत असेल तेव्हाच. बाळंतिणीच्या खोलीत अनोळखी बाई शिरली तर तिला तुम्ही कोण म्हणून विचारत नाहीत, वाट देतात. आणि कुणाच्याही लग्नाची वरात असो, कोणत्याही देवाची मिरवणूक असो, ती शिवेच्या दगडापाशी आली की वाद्यं थांबतात. बँडवाले परगावचे असले तर त्यांना आधी सांगून ठेवतात. नवरा घोड्यावर गप्प बसतो. बायका पोरांच्या तोंडावर हात ठेवतात. सगळे गावाच्या दिशेनं कान देऊन उभे राहतात, माणसाला एक हाक मारायला जितका वेळ लागेल तितका. हाक आली नाही, अशी खात्री झाली, की वरातीतला सगळ्यांत वडील माणूस हात वर करतो, आणि मगच पुन्हा वाजायला लागतं.